कुलूपपरीक्षा : इयत्ता पहिली

ज्यांनी नुकतीच दोन लाखांची मोटारसायकल घेतली आहे, तिला हार घालून आणि चाकाखाली लिंबू चिरडून झालं आहे, आणि जे आता तिच्यासाठी अडीचशे रुपयांचं कुलूप घ्यायला निघाले आहेत, अशा नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. अनुभवी माणसांना याची गरज नसते. ज्याची एक गाडी गेली आहे तो कुलपांबद्दल सगळं जाणतो. फक्त कुलूप लावायला त्याच्याकडे गाडी नसते.

साहित्य

एक मोटारसायकल. एक कुलूप. दोन्ही किल्ल्या. एक कानस. एक वजनकाटा, रद्दीवाल्याचा सोडून कोणाचाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ. ठिणग्यांपासून डोळे वाचवणारा चष्मा आणि शेजाऱ्यांपासून कान वाचवणारे बोळे.

गाडी स्वतःची असावी आणि आरसी आपल्याच नावावर असावी. मेव्हण्याच्या गाडीवर मध्यरात्री केलेल्या प्रयोगाला तपासणी म्हणत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ त्याला दुसरं नाव देतं, आणि त्या कलमात अभ्यासाच्या हेतूला सूट नाही. कुलूपही स्वतःचं घ्या. कारण परीक्षा नीट झाली तर ते शेवटी भंगारात जाणार आहे. ज्या परीक्षेतून कुलूप धडधाकट बाहेर येतं ती परीक्षा नव्हे, पाहणी होय.

पायरी पहिली : वेष्टन वाचा, पण विश्वास ठेवू नका

कुलपाच्या वेष्टनावर ढाल, सिंह किंवा विजेचा लोळ यांपैकी काहीतरी छापलेलं असतं. खाली 'हेवी ड्यूटी' असं लिहिलेलं असतं. ही ड्यूटी कुणी, किती तास आणि कुणाच्या देखरेखीखाली केली, याचा तपशील नसतो. थोड्या महागड्या कुलपांवर आकडा असतो. इथे नवशिके हमखास फसतात. जर्मनीची अबुस कंपनी वर्षानुवर्षं आपल्या कुलपांना १ ते १५ अशा पायऱ्यांवर बसवत आली; अमेरिकेच्या क्रिप्टोनाइटची पट्टी १ ते १० अशी. म्हणजे एकीचं दहा हे पैकीच्या पैकी आणि दुसरीचं दहा हे जेमतेम पहिल्या वर्गाच्या वर. दोन्ही पट्ट्या कंपन्यांनी स्वतः आखलेल्या आहेत. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, त्यानेच तपासायची आणि गुण वेष्टनावर छापायचे, असा हा कारभार. त्यांची कुलपं वाईट आहेत असं नाही. उलट चांगली आहेत. पण एका दुकानाच्या पट्टीने दुसऱ्या दुकानाचं कापड मोजू नये.

बाहेरचा परीक्षक हवा असेल तर युरोपाकडे बघावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९२ साली नॉर्थंब्रिया आणि एसेक्सच्या पोलिसांनी गृहखात्याच्या मदतीने 'सोल्ड सिक्युअर' नावाची योजना काढली. आता ती तिथल्या कुलूपकारांच्या संघटनेकडे आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि वर डायमंड अशा तिच्या श्रेणी. नेदरलँड्समध्ये 'आर्ट' ही संस्था कुलपांना तारे देते, आणि मोटारसायकलला चार तारे असलेलं कुलूप हवं हे तिथले विमावाले बजावून सांगतात. या संस्थांचे परीक्षक हातोडा, कटर, पहार, कुलूप उचकायची हत्यारं घेऊन बसतात आणि कुलपावर तुटून पडतात. समोर घड्याळ चालू असतं.

त्या घड्याळाकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं मार्गदर्शन त्याच्यावरच उभं आहे. कुलूप तुटलं का, असं परीक्षक विचारतच नाहीत. ते तुटणारच, हे धरून चाललेलं असतं. किती वेळात आणि कोणत्या हत्याराने, एवढंच ते लिहून घेतात. ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या 'थॅचम' संशोधन केंद्राने यांत्रिक कुलपांच्या वर्गासाठी अट घातली होती ती हातहत्यारांपुढे पाच मिनिटं टिकण्याची. पाच मिनिटं! आपण कुलूप आयुष्यभराच्या बोलीने घेतो आणि जगातला एक नावाजलेला परीक्षक त्याच्याकडून मागतो एक कटिंग चहा होईल एवढा वेळ.

पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात याच श्रेणींची चौकशी करून पाहावी. दुकानदार बरणीतून बडीशेप काढत "एक नंबर माल" अशी श्रेणी देतो. आणखी खोदून विचारलं तर "आजपर्यंत एकही कम्प्लेंट नाही" हे प्रमाणपत्र मिळतं. ज्याची गाडी गेली तो कुलपाची तक्रार घेऊन दुकानात कशासाठी येईल, आणि आला तर दाखवायला कुलूप आणणार कुठून, हा विचार दुकानाबाहेर आल्यावर सुचतो.

काही चौकस वाचक विचारतील, की वाहनांची तपासणी करणारी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, मग तिकडे का जाऊ नये? प्रश्न बरोबर आहे. मोटारविम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवल्यास गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सवलत लिहिलेली आहे. कमाल ५०० रुपये. मान्यता उपकरणाच्या उत्पादकाने मिळवायची असते, ग्राहकाने नव्हे. तेव्हा खांद्यावर साखळी टाकून वेताळ टेकडी चढू नये. सकाळी फिरायला येणारी मंडळी आधीच कुत्र्यांनी वैतागलेली असतात.

पायरी दुसरी : थोडा इतिहास, म्हणजे निकालाचा धक्का बसणार नाही

कुलूपपरीक्षेचा आद्य प्रसंग लंडनचा आहे. ब्रामा कंपनीने १७९० पासून पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं. हे कुलूप उघडणारं हत्यार जो बनवेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. साठ वर्षं कुणालाही जमलं नाही. मग १८५१ साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथे आला. आधी त्याने चब कंपनीचं नामांकित 'डिटेक्टर' कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. नंतर ब्रामाच्या कुलपापाशी तो बसला. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपल्यावर तेही उघडलं. त्याला निवांत खोली मिळाली, हवी तेवढी हत्यारं मिळाली, असा चोर कुठे असतो का, अशी कुरकुर ब्रामा कंपनीने केली. बक्षीस मात्र दिलं.

कंपनीची कुरकुर नवशिक्यांनी हसण्यावारी नेऊ नये, तिच्यात तथ्य आहे. सोळा दिवस एका कुलपाशी बसून राहणारा चोर पुण्यात भाडं भरूनच दिवाळखोर होईल. पण लंडनच्या लोकांना धक्का बसला तो बरोबरच बसला. कारण तोवर ते 'उघडत नाही' असं समजत होते आणि त्या दिवसापासून 'एकावन्न तासांत उघडतं' असं म्हणावं लागलं. बक्षीस ठेवणाऱ्या कंपनीला कुलपाला मिळालेले हे गुण मोठे मानायला हरकत नव्हती. आजच्या कोणत्याही मोटारसायकलच्या कुलपाने एकावन्न तास सोडा, एकावन्न मिनिटं काढली तरी त्याची मिरवणूक काढावी.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्कचा, आणि तो दुचाकीवाल्यांच्या जास्त जवळचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिप्टोनाइटचं यू आकाराचं कुलूप नवं होतं. ते लावून एक सायकल ग्रीनिच व्हिलेजमध्ये रस्त्यावर तीस दिवस सोडून दिली. महिन्याने पाहिलं तर कुलूप जागच्या जागी, शाबूत. सायकलचं जे जे सुटं करता येत होतं ते ते गेलेलं. कंपनीने हा आपला विजय मानला आणि कुलपाच्या दृष्टीने तो विजय होताच. सायकलचं मत कुणी विचारलं नाही. मोटारसायकलवाल्यांनी यातून एवढं घ्यावं, की परीक्षा संपल्यावर कुलपासोबत गाडीही मोजावी : आरसे, बॅटरी, साइड पॅनेल, सीट, आणि टाकीतलं पेट्रोल.

त्याच कंपनीवर २००४ साली पाळी आली. तिच्या नळीसारख्या गोल किल्लीची कुलपं साध्या प्लास्टिकच्या बॉलपेनाने उघडतात, हे एका माणसाने चित्रफितीत दाखवलं आणि ती इंटरनेटवर पसरली. जाड पोलादाची कांब जशीच्या तशी राहिली आणि दार पेनाने उघडलं. कंपनीला लाखांच्या घरात कुलपं बदलून द्यावी लागली. म्हणून कुलूप घेताना फक्त साखळीची जाडी बघू नका, किल्ली कुठे जाते तेही बघा. गोल नळीची स्वस्त किल्ली दिसली तर ते कुलूप खेळण्याच्या पेटीला लावावं.

पायरी तिसरी : कानस

आता हात काळे करू. साखळीवर कापडाची किंवा प्लास्टिकची नळी असते, ती बाजूला सारा. ही नळी गाडीच्या रंगाला चरे पडू नयेत म्हणून असते, असं म्हणतात. बऱ्याच वेळा ती साखळी किती बारीक आहे हे दिसू नये म्हणूनही असते. करंगळीएवढ्या कड्यांची साखळी मनगटाएवढ्या नळीत घालून विकणं हा गुन्हा नाही.

एक कडी पकडा आणि तिच्यावर कानस चालवा. कानस धातूत रुतली, चकचकीत चरा पडला आणि खाली भुगा सांडला, तर ते मऊ लोखंड आहे; बोरॉन किंवा मँगनीजचं मिश्रपोलाद तापवून पाणी दिलेलं नाही. कानस बर्फावर पाय घसरावा तशी घसरून गेली तर पोलाद कडक आहे. ही कसोटी लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, घरबसल्या करता येते आणि तिला परवाना लागत नाही. दुकानातच करायला गेलात तर दुकानदार बडीशेप परत घेईल, तेव्हा घरी करा.

नंतर जाडी मोजा. आठ-दहा मिलिमीटरची कडी हाताच्या कटरच्या जबड्यात बसते आणि तिचा तुकडा पडतो, ती कितीही कडक असो. तेरा मिलिमीटरला हातकटरवाला घामाघूम होतो. सोळाच्या पुढे हातकटर बाजूला ठेवावा लागतो. म्हणून जगभरचे जाणते मोटारसायकलवाले सोळा नाहीतर एकोणीस मिलिमीटरच्या साखळ्या घेतात.

आता ती साखळी काट्यावर ठेवा. दीड मीटर लांबीची सोळा मिलिमीटरची साखळी कुलपासकट आठ-नऊ किलोंच्या घरात जाते. तांदळाची मोठी पिशवी रोज ऑफिसला घेऊन जायची आणि परत आणायची, अशी तयारी असेल तर घ्या. ती छातीभोवती गुंडाळून गाडी चालवणारे वीर असतात. पडल्यावर तीच साखळी बरगड्यांत शिरते, एवढं त्यांना सांगून ठेवावं. शहाणा माणूस जड साखळी घरी ठेवतो आणि बाहेर जाताना हलकी नेतो. आणि आळशी माणूस, म्हणजे आपण बहुतेक सगळे, जड साखळी घरी ठेवतो, हलकी विसरतो आणि लक्ष्मी रोडवर उतरल्यावर हँडल लॉक फिरवून मोकळा होतो. हँडल लॉकची परीक्षा या पुस्तिकेत घेतलेली नाही. दांडगा माणूस जोरात हिसडा देऊन ती घेतो आणि निकाल लगेच लागतो.

डिस्क लॉकबद्दल थोडक्यात. हलकं असतं, खिशात मावतं, चाक फिरू देत नाही. मालकाला ते लावल्याचं आठवत नाही, म्हणून हँडलपर्यंत एक रंगीत वायर देतात. ती वायर काढून टाकणाऱ्यांच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड गॅरेजात नियमितपणे दिसतात.

पायरी चौथी : कुलूप कशाला लावलंय

बहुतेक नवशिके चाकातून साखळी ओवतात, कुलूप लावतात, एकदा ओढून बघतात आणि निर्धास्त झोपतात. त्यांनी केलेलं एवढंच, की गाडी फिरेनाशी केली. गाडी उचलता येते. हिरो स्प्लेंडरचं वजन ११२ किलो भरतं. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० ही १९५ किलोची, म्हणजे चार माणसं आणि टेम्पोचं फळकूट खाली पाडायचं.

हे खरं वाटत नसेल तर फुकटात पाहता येतं. नो पार्किंगमधल्या दुचाक्या उचलणाऱ्या टेम्पोच्या मागे थोडा वेळ उभं राहा. वरची पोरं हँडल लॉक लावलेली, चाकात साखळी असलेली गाडी दोन बाजूंनी धरतात, झुलवतात आणि वर घेतात. तुम्ही "अहो अहो" म्हणेपर्यंत दुसरी चढलेली असते. चाकाला लावलेल्या कुलपाची याहून प्रामाणिक जाहीर परीक्षा देशात कुठे होत नाही, आणि ती भर दिवसा, साक्षीदारांसमोर होते. टेम्पोवाल्या पोरांना सिंह आणि ढालीचा आदर नसतो.

तेव्हा गाडी कशाला तरी बांधायची. हे 'कशाला तरी' शोधायला निघालात की आपलं शहर नव्याने दिसू लागतं. नो पार्किंगचा खांब हाताने हलतो, वर ओढला तर निघतो. झाडाभोवतीचं पालिकेचं कुंपण तारेचं आहे. गॅसच्या पाइपला बांधणं म्हणजे चोराच्या हत्याराने आख्ख्या इमारतीला गोत्यात घालणं. मांडवाचे खड्डे असतात पण खांब गणपतीतच येतात. कुलूप सोळा मिलिमीटरचं आणि खांब दीड मिलिमीटरच्या पत्र्याचा, अशी गाडी चोराला खांबासकट परवडते.

उत्तम उपाय म्हणजे घरच्या पार्किंगमध्ये काँक्रीटमध्ये पक्की गाडलेली पोलादी कडी. साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून ओवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. कारण जमीन मिळाली की हातोड्याला ऐरण मिळते. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यासाठी सोसायटीची परवानगी मात्र लागते, आणि इथून परीक्षा कुलपाची राहत नाही.

अर्ज मराठीत करावा. "स्लॅबला होल पडेल" असं चेअरमन म्हणतील. पार्किंग जमिनीवरच आहे, खाली स्लॅब नाही, हे त्यांना नकाशा दाखवून सांगावं. "मग वॉटरप्रूफिंगचं काय?" असं खजिनदार विचारतील. एक सभासद "आज एकाला कडी दिली, उद्या सगळे मागतील" हा मुद्दा मांडतील. सगळ्यांना कडी मिळाली तर सगळ्यांच्याच गाड्या राहतील, हा युक्तिवाद करू नये. सभेत तर्क चालत नाही, ठराव चालतो. सचिव "पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू" असं म्हणाले की अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे असं समजावं. दरम्यान सीसीटीव्ही बसवण्याचा जुना ठराव निघेल आणि कॅमेरे खरेच आहेत, फक्त रेकॉर्डर सचिवांच्या घरी बंद पडलेला आहे, हे कळेल. चोरांच्या टोळीला एवढा वेळ लागत नाही, म्हणून अर्ज गाडी घेण्याच्या आधीच टाकावा.

पायरी पाचवी : ग्राइंडर आणि जनता

आता शेवटची मोठी परीक्षा. बॅटरीवर चालणारा अँगल ग्राइंडर बोहरी आळीत कुणालाही मिळतो, आणि तो मिळायला लागल्यापासून साध्या पोलादाचं राज्य संपलं. जाड कडी असली तर चकती जास्त झिजते, एवढाच फरक. अलीकडे हिप्लॉक आणि लाइटलॉक या ब्रिटिश कंपन्यांनी चकतीच झिजवून टाकणाऱ्या मिश्रणाचं आवरण दिलेली कुलपं काढली आहेत. ती खरोखर दम काढतात, वजनदार असतात आणि किंमत ऐकून आपलाही दम निघतो.

ग्राइंडरचा एकच दोष आहे, तो ओरडतो. ठिणग्यांचा फवारा उडतो, धूर येतो. म्हणजे कुलपाने मिळवून दिलेली ती दोन-चार मिनिटं आजूबाजूचे लोक वापरणार, असा या सगळ्या यंत्रणेचा हिशोब आहे. तो हिशोब तपासणं ही खरी परीक्षा. केसी नायस्टॅट या चित्रपटकाराने न्यूयॉर्कमध्ये हाच प्रयोग स्वतःच्याच सायकलवर केला. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने तो प्रसिद्ध केला. भर गर्दीत त्याने आपलंच कुलूप नाना हत्यारांनी तोडलं. बहुतेक ठिकाणी लोक शेजारून निघून गेले.

आपल्या गावात हा प्रयोग करणार असाल तर आधी पोलीस चौकीत कळवा, आरसी खिशात ठेवा आणि आपलीच साखळी कापायला बसा. न्यूयॉर्कपेक्षा इथे निकाल वेगळा येईल, कारण आपले लोक निघून जात नाहीत. ते थांबतात. पहिल्या मिनिटात तिघं जमतील. एक जण "अहो, असं नाही, तिरकं धरा" म्हणेल. दुसरा त्याच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरचा नंबर देईल. एक आजोबा, "किल्ली हरवली का? मी नेहमी सांगतो, दोन ठेवाव्यात," असं म्हणून पुढे जातील. ११२ हा क्रमांक कुणाला आठवणार नाही. मात्र गाडीचं ॲव्हरेज किती, हे कुणीतरी नक्की विचारेल. गाडी कोणाची आहे हा प्रश्न कुणी विचारलाच, तर तो माणूस जपून ठेवा. त्याच्या शेजारी घर मिळत असेल तर भाडं जास्त पडलं तरी घ्या.

अलार्मवाल्या कुलपांची परीक्षा वेगळी घ्यायला नको. मांजर सीटवर बसलं की ते वाजतं, ट्रक गेला की वाजतं, दिवाळीत लवंगी फुटली की वाजतं. एका महिन्यात आख्खी इमारत त्याच्यासकट झोपायला शिकते. मग एखाद्या रात्री चोर आला तर त्यालाही कुणी उठून शिव्या देणार नाही.

पायरी सहावी : पावसाळा

परदेशी परीक्षांमध्ये हातोडा असतो, कटर असतो, थंडीही असते. जुलै मात्र नसतो. तो आपल्याकडे आहे, आणि कोकणात तर तो चार महिने आहे. उघड्यावर राहिलेल्या कुलपात पाणी आणि धूळ जाते, सिलिंडर धरतो. कुलपाचं तोंड खाली राहील असं लावावं, भोकाला झाकण असलेलं घ्यावं, अधूनमधून ग्राफाइटची पूड टाकावी. खोबरेल तेल टाकू नये. त्यावर धूळ बसून लापशी होते.

हे न केल्यास एके सकाळी किल्ली जाईल पण फिरणार नाही. जोर केल्यावर अर्धी आत राहील. मग कोपऱ्यावरचा किल्लीवाला येतो. तो कुलपाकडे बघतो, तुमच्याकडे बघतो, तुम्ही कोणत्या कंपनीत आहात हे विचारतो आणि पैसे सांगतो. तुम्ही घासाघीस करता. मग तो तार काढतो किंवा पोराला ग्राइंडर आणायला पाठवतो, आणि ज्या कुलपाच्या भरवशावर तुम्ही वर्षभर झोपलात ते चहा येण्याच्या आत जमिनीवर पडतं. त्याने घेतलेला वेळ लिहून ठेवा. त्याच्या हाताला सराव आहे आणि भीती नाही, म्हणजे तो चांगल्या चोराच्या जवळपास आहे. थॅचमचं प्रमाणपत्र नसलं तरी तुमच्या कुलपाचा तुमच्या गावातला निकाल हाच.

निकालपत्रक आणि कागद

गाडी गेलीच तर काय, हेही परीक्षेतच धरा. विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे हे आजच तपासा. ती गाडीच्या डिकीत असेल तर आधी बाहेर काढा. मिळणारी रक्कम ही गाडीच्या आजच्या विमामूल्याइतकी. दुसरं वर्ष संपून तिसरं लागलं की किमतीतून तीस टक्के कापले जातात, पाचव्या वर्षात पन्नास. एफआयआर ताबडतोब करा. पोलिसांना लगेच कळवलं असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं आहे. तरी उशीर करायची हौस नको. पुढे पोलिसांचा 'अ' समरी अहवाल लागतो : गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. कुलूप कोणत्या श्रेणीचं होतं याचा रकाना त्यात नाही.

माझा निकाल असा आहे. रोज रस्त्यावर लागणाऱ्या साध्या गाडीला तेरा मिलिमीटरच्या आसपासची कानस न लागणारी साखळी आणि डिस्क लॉक, ही जोडी पुरते; दोन वेगळी कुलपं म्हणजे दोन वेगळी हत्यारं, आणि घाईतला चोर शेजारच्या गाडीकडे वळतो. शेजाऱ्याबद्दल वाईट वाटत असेल तर त्यालाही ही पुस्तिका द्या. महागडी गाडी असेल तर घरी सोळा मिलिमीटर आणि जमिनीत कडी, त्याला पर्याय नाही. अलार्म घेऊ नका. अडीचशेचं कुलूप घेतलंच असेल तर ते मुलाच्या सायकलला लावा.

आणि हे वाचून झाल्यावर खाली जाऊन एकदा बघून या. साखळी बहुतेक सीटखालीच असेल.